झाडी हलली म्हणून

गणपतीला भाचा आला होता. तो अमेरिकेत मोन्टाना राज्यात असतो. येताना त्याने माझ्यासाठी एक टोपी आणली. टोपीचा रंग नारिंगी. नारिंगी म्हणजे साधा नव्हे, डोळ्यांत बोट घातल्यासारखा. आम्ही पेणचे, आमच्या आळीत गणपतीचे कारखाने, त्यामुळे रंगांचे आम्हाला अप्रूप नाही. पण असा रंग मी कुठल्या कारखान्यातही पाहिला नव्हता. सौ. म्हणाली, "ही घालून भाजीला जाऊ नका. रस्त्याचे काम निघाले असे समजून लोक वळसा घालून जातील."

भाच्याने सांगितले की तिकडे शिकारीच्या मोसमात रानात जाणाऱ्या शिकाऱ्याला या रंगाचे कपडे अंगावर घालावेच लागतात, तसा कायदाच आहे. हरणांना हा रंग माणसासारखा दिसत नाही, म्हणून शिकार बिघडत नाही. पण माणसाला मात्र तो लांबून दिसतो.

"आणि अस्वलाला?" मी विचारले, कारण तो सकाळपासून अस्वलांच्याच गोष्टी सांगत होता.

"अस्वलासाठी नाही मामा, दुसऱ्या शिकाऱ्यासाठी. झाडी हलली म्हणून त्याने गोळी घालू नये यासाठी."

मी टोपी हातात घेऊन नुसता बसून राहिलो. त्याला वाटले, मला ती आवडली नाही.

भाच्याने सांगितलेले आधी सांगतो, कारण ते ऐकण्यासारखे आहे. तिकडे ग्रिझली नावाचे मोठे अस्वल असते. रानात फिरणाऱ्यांसाठी जे नियम सांगितले जातात ते असे : मोठ्याने बोलत चला, एकटे जाऊ नका, पहाटे आणि तिन्हीसांजेला जपा, मेलेल्या जनावराजवळ थांबू नका. आता शिकारी काय करतो? तो पहाटेच निघतो. आवाज न करता चालतो. आपला वास जनावराला लागू नये म्हणून वाऱ्याच्या उलट्या दिशेने जातो. काही जण तर सांबरासारख्या त्या मोठ्या हरणाच्या नराची साद हुबेहूब काढतात, म्हणजे जेवणाची वर्दी आपणच द्यायची. आणि शिकार झाली की तिथेच ती सोलायची, आतडी बाहेर काढायची आणि रक्ताने माखलेल्या हातांनी मांस पाठीवर घेऊन निघायचे. थोडक्यात, जे करू नये ते सगळे क्रमाने केल्याखेरीज शिकार होतच नाही! म्हणून तिकडचे जाणते शिकारी दोघे-दोघे जातात. एक जण सोलत असला तर दुसरा पाठीला पाठ लावून पहारा करतो. मांस रात्रभर रानात ठेवू नये, ठेवावेच लागले तर आतड्यांपासून दूर, लांबूनही दिसेल अशा मोकळ्या जागी ठेवावे, आणि सकाळी तिथे जाताना ओरडत जावे. कमरेला एक फवाऱ्याचा डबा असतो. त्यात काय असते? मिरची! मिरचीतला तिखट अर्क. अस्वल धावून आले की त्याच्या तोंडासमोर त्याचा ढग उडवायचा. बंदुकीने नेम चुकू शकतो आणि जखमी अस्वल अधिक भयंकर. ढगाला नेम लागत नाही. तो डबा पिशवीच्या तळाशी ठेवून उपयोग नाही, हाताशी हवा. माझ्या मनात आले, अलिबाग-पेणच्या बायका ठेचा करताना घरातले सगळे पुरुष अंगणात पळवतात, ही विद्या आपल्याला अगदीच नवी नाही.

आमच्या पेण-रोह्याच्या डोंगरांत अस्वल कुणी पाहिल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. कोयनेच्या रानात ते आहे. मेळघाटात, ताडोब्यात, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात, गडचिरोली-गोंदियाकडे ते आहे. आमच्याकडे भय रानडुकराचे, आणि अधूनमधून बिबट्याचे. पण टोपी हातात घेऊन मी बसलो तो या कुणामुळेच नव्हे.

मी बँकेत नोकरीला लागलो १९८० साली. १९८४ च्या पावसाळ्यात माझी बदली रोह्याला झाली. रोहे तेव्हा लहान होते. कुंडलिकेच्या काठचे गाव, धाटावला कारखाने आलेले, बाकी भाताची शेती आणि मागे डोंगर. अवचितगडाच्या अंगाने चढू लागले की अर्ध्या तासात आपण बँकेत नोकरी करतो हे विसरायला होई. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, जिम कॉर्बेट वाचून डोके तापलेले. त्यातून रोह्यात नबाबाच्या शिकारीच्या गोष्टी ऐकायला मिळत. मुरूडकडे जाताना लागणारे फणसाडचे रान हे जंजिऱ्याच्या नबाबाचे राखीव शिकारीचे रान. संस्थान १९४८ साली विलीन झाले, पण गोष्टी विलीन झाल्या नाहीत. मी रोह्यात असतानाच, १९८६ साली, त्या रानाचे अभयारण्य झाले.

तर १९८५ ची दिवाळी झाली. भाते कापून झाली होती. आमच्या एका मोठ्या खातेदाराने निरोप पाठवला, 'रविवारी रान काढणार आहोत, साहेबांना यायचे तर यावे.' रान काढणे म्हणजे हाका घालणे. एका बाजूने हाकाऱ्यांनी डबे वाजवत, ओरडत डोंगराचा उतार विंचरायचा आणि दुसऱ्या बाजूला बंदूकवाल्यांनी दबा धरून बसायचे. बंदुका पीकसंरक्षणाच्या परवान्यावरच्या. पिकाचे संरक्षण पीक घरात आल्यावर डोंगरात जाऊन कसे होते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. तेव्हा काही जनावरांसाठी शिकारीचे परवाने मिळत, ते १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाले. आमच्यापैकी तसला परवाना कुणाकडेच नव्हता. कर्जाच्या अर्जातली एक सही राहिली तर अर्ज परत करणारा मी, हे विचारले नाही.

हाकारे होते कातकरी वाडीवरचे. दहाबारा जण, अंगात बनियन, हातात काठी. बंदूकवाले चार. मला एका म्हाताऱ्या कातकऱ्याबरोबर एका कातळावर बसवले. त्याच्या पलीकडे पन्नास पावलांवर एक बंदूकवाला, तालुक्याच्या गावचा दुकानदार. अंगात मी तपकिरी स्वेटर घातला होता. घरून निघताना आईने विणलेला तो स्वेटर रानात शोभेल असे मला वाटले होते. शोभला फार.

हाका सुरू व्हायला वेळ होता. थंडीने म्हणा, भीतीने म्हणा, मला लघुशंकेला जावेसे वाटले. म्हाताऱ्याला न सांगता मी कातळाच्या मागे उतरलो आणि कारवीत शिरलो. कारवी डोक्याएवढी. मी खाली बसलो, उठलो, परत फिरलो, आणि तेवढ्यात म्हाताऱ्याची आरोळी ऐकू आली आणि तिच्यावरच बार ऐकू आला. माझ्या डोक्यावरच्या ऐनाच्या फांदीची साल उडून खांद्यावर पडली.

काय झाले ते नंतर समजले. दुकानदाराला कारवी हललेली दिसली, मध्ये काहीतरी तपकिरी दिसले. हाका सुरू झालेला नाही हे त्याला कळत होते, पण डुक्कर हाक्याच्या आधीच निसटते हेही त्याला ठाऊक होते. म्हाताऱ्याने मला जाग्यावर न पाहून ओरड केली, दुकानदार दचकला, नळी वर गेली. दोन हातांचा फरक.

सगळे हसले. मीही हसलो. दुकानदाराने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "साहेब, नशीब आमचं, कर्ज मंजूर व्हायचंय अजून!" हसला नाही तो म्हातारा. त्याने मला परत कातळावर बसवले आणि जरा वेळाने, मला नव्हे, समोरच्या झाडीला सांगितल्यासारखे म्हणाला, "जे दिसला नाय, तेच्यावर बार नाय काढायचा. आन रानात असला की बोलत ऱ्हायचा, सायेब."

त्या दिवशी शिकार काहीच मिळाली नाही. संध्याकाळी दुकानदाराच्या घरी कोंबडी खाल्ली.

१९९० साली बढती मिळाली आणि काही वर्षांनी मी गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याच्या बाजूला एका शाखेत व्यवस्थापक म्हणून गेलो. अस्वलाची आणि माझी भेट झाली ती तिथे, आणि तीही काउंटरवर.

एप्रिल महिना होता. साधारण चाळिशीचा एक गृहस्थ पैसे काढायला आला. अंगठ्याचे खाते, त्यामुळे पासबुकावर फोटो. रोखपालाने फोटो पाहिला, माणूस पाहिला आणि पासबुक माझ्याकडे पाठवले. फोटोतला माणूस आणि समोरचा माणूस यांत काही जमत नव्हते. समोरच्याला डावा डोळा नव्हता. गाल आणि अर्धे नाक नव्याने शिवल्यासारखे ओढलेले होते. मी पासबुक उलटसुलट करत राहिलो. तो म्हणाला, "मीच आहो जी साहेब. अस्वलानं धरलं होतं." अंगठ्याचा ठसा मात्र जुळला.

नंतर त्याच्याकडूनच मी पुष्कळ ऐकले. मोहाची फुले रात्री गळतात आणि ती पहाटे वेचायची असतात. ऊन चढले की ती सुकतात आणि गुरे-हरणेही येतात. म्हणून माणसे अंधारातच झाडाखाली जातात. अस्वलाला मोह माणसापेक्षा जास्त आवडतो आणि तेही त्याच वेळी येते. हा खाली वाकून वेचत होता, झाडाच्या पलीकडे अस्वल मान खाली घालून खात होते. दोघांनाही दुसऱ्याची वार्ता नाही. अस्वलाचे नाक फार तिखट, पण नजर अधू. आणि खाण्यात गुंतले की ते चुरचुर, फुसफुस असा एवढा आवाज करते की बाहेरचे त्याला ऐकू येत नाही. वाळवी खाताना ते वारुळात तोंड घालून ती भात्यासारखी ओढून घेते. त्यासाठी त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे दोन दात निसर्गानेच ठेवलेले नाहीत. असे बुडून गेलेले जनावर एकदम दहा पावलांवर माणूस पाहते तेव्हा पळण्यापेक्षा चालून जाणे त्याला सुचते. मोठा नर शंभर किलोच्या पुढे जातो. मादीच्या पाठीवर पिल्ले असतील तर बोलायलाच नको. ते माणसाला खाण्यासाठी मारत नाही. उभे राहून पंजा मारते, तोंड-डोके फोडते आणि निघून जाते. नखे बोटाएवढी.

तिकडची जाणती माणसे सांगत, आणि आज वन्यजीवांचे अभ्यासकही तेच सांगतात, की उजाडल्याशिवाय जाऊ नये, तिघे-चौघे मिळून जावे, काठी जमिनीवर आपटत, गप्पा मारत जावे. ताजे उकरलेले वारूळ, बोरांच्या बियांनी भरलेली विष्ठा, झाडाच्या बुंध्यावर ओरखडे दिसले तर वाट बदलावी. दुरून दिसले तर पाठ न फिरवता हळूहळू मागे सरावे. पळू नये, अस्वल माणसापेक्षा वेगाने धावते. झाडावर चढण्यात अर्थ नाही, तेही चढते. अंगावरच आले तर पालथे पडून दोन्ही हातांची बोटे मानेवर गुंफावी आणि तोंड जमिनीत खुपसावे. ते गेल्याची खात्री होईपर्यंत उठू नये. आमच्या खातेदाराला हे सगळे ठाऊक होते. "मंग गेलेत कशाला अंधारात?" मी विचारले. तो म्हणाला, "उजेडात दुसरे नेतात जी."

आमच्याकडच्या डुकराचे याहून वेगळे नाही. डुक्कर आपणहून माणसाच्या वाटेला जात नाही. पण कोंडले, जखमी झाले किंवा पिल्ले बरोबर असली की ते सरळ मांड्यांवर येते. त्याचे सुळे विळ्यासारखे कापतात, आणि मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. जखमी डुकराच्या मागे कारवीत शिरणे हा मूर्खपणा. चालून आले तर जवळच्या दगडावर, बांधावर, झाडावर, कमरेइतक्या का होईना उंचीवर चढावे. जखम झालीच तर धोतर, पंचा, साडी, हाती लागेल त्या कापडाने सगळा जोर लावून दाबून धरावी, ती उघडून उघडून पाहू नये; आणि दवाखान्यात रेबीजची लस मागून घ्यावी. हल्ली भातखाचराच्या कडेने चोरून विजेच्या तारा लावतात किंवा पिठाच्या गोळ्यात बारूद घालून ठेवतात. तार डुक्कर ओळखत नाही तशी शेजाऱ्यालाही ओळखत नाही. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे, हे मी कर्जवसुलीला फिरलेला माणूस सांगतो. एका रात्रीत अर्धे शेत लोळवलेले मी पाहिले आहे. त्यासाठी वनखात्याकडे नुकसानभरपाई मागता येते, आणि पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरांच्या बाबतीत परवानगी मागण्याची पद्धत राज्य सरकारने २०१५ साली घालून दिली. १९२६ या क्रमांकावर वनखात्याला फोन करता येतो. कागद लागतात, हेलपाटे पडतात, तरी पण वाट आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

माझ्यावर बार निघाला त्यानंतर सव्वा वर्षाने, १९८७ च्या शिमग्याच्या आसपास, त्याच डोंगरात पुन्हा रान काढले. मी गेलो नव्हतो. सोमवारी आमच्या शिपायाने चहा ठेवताना सांगितले, "वाडीवरचा एक गेला. डुकरानं फाडला म्हणतात." 'म्हणतात' हा शब्द त्याने जरा ओढून उच्चारला. मी वर पाहिले. तो कपबशा आवरू लागला होता.

गेलेला माणूस आमचा कर्जदार होता. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात त्याला म्हशीसाठी कर्ज दिलेले होते. महिन्याभराने त्याची बायको बँकेत आली, कडेवर मूल. तिला हप्त्याचे विचारायचे होते. मी फाइल काढली. म्हशीचा विमा उतरवलेला होता, तिच्या कानात विमा कंपनीचा बिल्ला होता, त्याचा क्रमांक फाइलीत होता. माणसाचा काही नव्हता. मी विचारले, "कसे झाले?" ती म्हणाली, "डुकराच्या टायमाला गेला." तेवढेच. आणि मान खाली घालून उभी राहिली. तिच्या मागे दरवाज्यात तोच दुकानदार उभा होता. तो म्हणाला, "मीच घेऊन आलो साहेब तिला. गरीब आहे. सांभाळून घ्या."

मी सांभाळून घेतले. हप्ते लांबवले. शेरा लिहिला : 'कर्जदाराचा वन्य प्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू.' हे लिहायला मला कुणी सांगितले नव्हते. शेऱ्याच्या रकान्यात नुसते 'मृत्यू' लिहूनही भागले असते.

पुढे शिपायाने जे सांगितले ते तुटक होते. हाकारे उतरत होते, कारवी हलली, कुणाचा तरी बार निघाला. कुणाचा, हे त्याने सांगितले नाही. मी विचारलेही नाही. जून उजाडला, शेवळे विकायला वाडीवरच्या बायका बाजारात बसू लागल्या, त्यांत ती दिसली की मी पलीकडच्या बाजूने जाई. पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

हिशेबाचा माणूस म्हणून आता एक गोष्ट ध्यानात येते. आज महाराष्ट्रात वन्य प्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर वारसांना पंचवीस लाख रुपये मिळतात. २०२३ पासून ही रक्कम आहे. पण तो माणूस बेकायदा शिकारीला गेलेला असेल तर ते मिळत नाहीत. म्हणजे रोजावर हाका घालायला गेलेल्या कातकऱ्याला खरोखर डुकराने मारले तरी घरच्यांनी 'लाकडे आणायला गेला होता' असे सांगायचे, आणि गोळीने मारले तर 'डुकराने मारले' असे सांगायचे. बंदूक ज्याची, त्याला दोन्ही वेळा काहीच सांगावे लागत नाही. अधूनमधून वर्तमानपत्रात कोकणातली बातमी येते : शिकारीला गेलेल्याचा सोबत्याच्या गोळीने मृत्यू, रानडुक्कर समजून गोळी झाडली. चार ओळींची बातमी. मी ती दोनदा वाचतो.

भाचा परत गेल्यावर दिवा-रोहा गाडीने मी रोह्याला गेलो. आमचा तो शिपाई आता सत्तरीच्या पुढे आहे, गुडघे दुखतात, पण भात पोटरीत आले की रात्री शेतातल्या माळ्यावर राखणीला जातो. दोन्ही मुलगे धाटावला कामाला. त्याने चहा केला, बँकेतल्यासारखाच, साखर जास्त. मी म्हटले, "त्या शिमग्याला बार कुणी काढला होता?"

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग एक नाव सांगितले. ते दुकानदाराचे नव्हते. ज्याचे होते त्याला जाऊन वीस वर्षे झाली आहेत.

"आणि ती बाई?"

"म्हैस विकून तुमचं कर्ज फेडलं की तिनं. तुम्ही गेल्यावर. पोरगं वीटभट्टीला गेलं होतं, आता कुठं आहे ठावं नाय."

मी पिशवीतून टोपी काढून त्याला दिली. कशासाठी आहे ते सांगितले. त्याने ती डोक्यावर घातली, काढली, आतून-बाहेरून पाहिली.

"रात्री दिसंल ही?"

"रात्री रंग दिसत नाही," मी म्हटले. "बॅटरी लावून बसत जा. आणि बोलत राहा."

"एकला कोणाशी बोलू?" तो म्हणाला, आणि टोपी खुंटीला अडकवून त्याने दुसरा चहा ठेवला.